पहिल्यांदाच पीआरओची ऑर्डर आलीये, दुसऱ्या ट्रेनिंगला नेमकं काय बघून घेऊ?

नवखी_पीआरओ

2024 च्या लोकसभेची ऑर्डर आली, ती पण थेट केंद्राध्यक्ष (पीआरओ) म्हणून. आजवर साधी पीओ 3 (तिसरी मतदान अधिकारी) पण नव्हते, पद पगाराच्या ग्रेडवरून ठरतं म्हणे, अनुभव कोण विचारतंय. आमच्याकडे मतदान 20 मेला आहे. पहिलं ट्रेनिंग झालं, मोठ्ठा हॉल, पुढे स्लाइडवर स्लाइड, मागे माईकचा आवाज नुसता घुमत होता, आणि मशीन ठेवलेल्या टेबलाशी इतकी गर्दी की मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. हँडबुक वाचायला घेतलंय पण 17 ए, 17 बी, 17 सी, 14, 14 ए, सगळ्या फॉर्मचा डोक्यात काला झालाय. दुसऱ्या ट्रेनिंगला मशीन खरंच हातात देतात का? आणि वेळ कमी मिळाला तर कशावर भर देऊ? शिवाय माझं स्वतःचं मत कुठे द्यायचं, फॉर्म 12 भरायचा की 12 ए, तिथे पण दोन जणांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

खडूफळा

मॅडम टेन्शन घेऊ नका, आम्ही शाळावाले दर निवडणुकीला हेच करतो. आधी सोपं सांगतो. ड्युटी तुमच्याच लोकसभा मतदारसंघात असेल तर 12 ए, म्हणजे ईडीसी (निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र) मिळते आणि जिथे ड्युटी त्याच बूथवर मशीनवर मत देता येतं. दुसऱ्या मतदारसंघात असेल तर 12 भरून पोस्टल, आणि ते आता ट्रेनिंगच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रातच टाकायचं, घरी नेऊन पोस्टाने पाठवायचं बंद झालंय. त्या दिवशी मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक लिहून न्या, तो नसला की लोक तिथेच मोबाईलवर शोधत बसतात आणि लाईन तुंबते.

आता मुख्य. माझं मत असं की पहाटेचा मॉक पोल (एजंटांसमोरचं चाचणी मतदान) हाताने करून बघा, बाकी पुस्तकात सापडेल. मतदान 7 ला सुरू म्हणजे मॉक पोल 5:30 ला. किमान 50 मतं, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला पण पडली पाहिजेत, कुणाला किती टाकली ते एका माणसाने कागदावर लिहीत जायचं. निदान दोन उमेदवारांचे एजंट आले नसतील तर 15 मिनिटं थांबायचं, मग सुरू करायचं. झालं की सीयूवर (कंट्रोल युनिट) क्लोज, रिझल्ट, क्लियर ही बटणं, हीच ती सीआरसी. रिझल्ट कागदाशी आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) चिठ्ठ्यांशी जुळवायचा. आणि मग लोक जे विसरतात ते, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायचं, रिकामी पेटी एजंटांना दाखवायची. त्यानंतर कुठे सीयूला हिरवं पेपर सील आणि स्पेशल टॅग. सीलचा नंबर एजंटांना टिपून घेऊ द्या, सीलवर त्यांच्या सह्या घ्या, संध्याकाळी वाद होत नाही.

रद्द_होईल_का

एवढं शिकण्यापेक्षा ड्युटी रद्द करून घ्या ना, मेडिकल जोडा 😀

खडूफळा

भाऊ खरंच आजारी असेल त्याने जोडावं. नाहीतर कारणे दाखवा नोटीस येते, पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 134 आहेच. आणि तुमच्या जागी राखीवमधला कुणीतरी ऐनवेळी उचलला जातो, त्याचे हाल वेगळेच.

सीयू_बीयू

मी विधानसभा पातळीवर मास्टर ट्रेनर आहे त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, हॉलमध्ये शेकडो लोक बसवून मशीन शिकवता येत नाही, पण जरा आमची बाजू. देशभरात साडेदहा लाखाच्या आसपास मतदान केंद्रं आणि आयोगाच्याच आकड्याप्रमाणे सुरक्षा धरून दीड कोटी माणसं कामाला. आयोगाची दिल्लीत स्वतःची ट्रेनिंगची संस्था आहे, तिथून राज्य, राज्याकडून जिल्हा, जिल्ह्याकडून आमच्यासारखे, आणि मग तुम्ही. वर दिवसभर चाललेला विषय खाली येईपर्यंत अर्ध्या तासाचा होतो आणि त्यात पहिल्यांदा कापला जातो तो हातात मशीन द्यायचा वेळ, भाषण मात्र पूर्ण होतं. हे मी वर पण बोललोय.

खडूफळा सरांशी मी अर्धाच सहमत. मॉक पोल महत्त्वाचा आहेच पण त्याचा नुसता क्रम पाठ करून जाणारा माणूस काही वेगळं घडलं की गडबडतो. का करतोय ते कळलं पाहिजे. क्लियर नाही केलं तर मॉकची मतं खऱ्या मतांत मिसळतात, 2019 ला काही केंद्रांवर हेच झालं होतं. आणि चिठ्ठ्या आत राहिल्या तर? प्रत्येक विधानसभा क्षेत्रात 5 केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, तुमचं केंद्र सोडतीत निघालं की मशीन आणि कागद जुळणार नाहीत आणि बोट तुमच्याकडे.

ट्रेनरला हे विचारा, मशीन बंद पडलं तर काय बदलायचं. उत्तर वेळेवर अवलंबून आहे. मॉक पोल चालू असताना जे युनिट बिघडलं तेवढंच बदला. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर सीयू किंवा बीयू (बॅलेट युनिट, ज्यावर मतदार बटण दाबतो) बिघडलं तर सीयू, बीयू, व्हीव्हीपॅट पूर्ण सेट बदलायचा आणि नोटासकट प्रत्येकाला एक एक मत टाकून परत मॉक, परत सीआरसी. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त तेच, मॉक नाही. दारात लाईन आरडाओरडा करत असते तेव्हा हे पुस्तकात शोधायला जमत नाही. दुसरं, केबल जोडताना काढताना सीयू बंद. तिसरं, व्हीव्हीपॅटच्या मागचा नॉब, वाहतुकीत आडवा, काम करताना उभा. "मशीन एरर देतंय" म्हणून झोनल अधिकाऱ्याला फोन येतो आणि बऱ्याचदा नॉब आडवाच असतो. खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली पण ठेवू नका, त्याचे सेन्सर उजेडाने चळतात.

नवखी_पीआरओ

बापरे, हे सेट बदलायचं कुणी बोललंच नव्हतं, किंवा बोलले असतील मला ऐकू नाही आलं. अजून एक, कुणी म्हणालं की मी एकाला दिलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली, तर?

सीयू_बीयू

त्याला निवडणूक नियमांतला नियम 49 एमए. आधी खोट्या तक्रारीचे परिणाम समजावून सांगा आणि लेखी घोषणापत्र घ्या, इथेच बरेच जण मागे फिरतात. तरी ठाम असेल तर 17 ए (मतदारांची नोंदवही) मध्ये दुसरी नोंद करून तुमच्या आणि एजंटांच्या समोर एक टेस्ट मत. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबवून लगेच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. खोटी निघाली तर 17 ए मध्ये शेरा, आणि ते टेस्ट मत कुणाला गेलं ते 17 सी (मतांचा हिशेब) मध्ये. घाबरून "असू दे हो" म्हणत पुढे ढकलू नका.

पीओ_टू_कायमची

सगळे मशीनवर बोलतायत, माझा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे नेहमी शाई आणि 17 ए येते आणि बूथवरचा गोंधळ बहुतेक वेळा माझ्याच टेबलावर सुरू होतो. ताई तुम्ही तुमच्या टीमला एक सवय लावा, दर तासाला 17 ए चा शेवटचा नंबर आणि सीयूचा टोटल जुळवायचा. फरक एकाचा असतानाच सापडला तर कारण आठवतं, संध्याकाळी सापडला तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. बरेचदा कारण साधं असतं, सही केली आणि मत न देताच परत गेला, त्याला नियम 49 ओ, 17 ए मध्ये शेरा मारून त्याची सही घ्यायची, बॅलेट आधीच दिलेलं (म्हणजे पीओ 3 ने सीयूचं बॅलेट बटण दाबलेलं) असेल तर पुढच्या माणसाला तेच वापरू द्यायचं. पीओ 3 ने दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. पीओ 3 ला एवढं नीट सांगा, शाई बघितल्याशिवाय आणि मतदाराची चिठ्ठी हातात आल्याशिवाय बॅलेट द्यायचं नाही, मागून कुणी कितीही घाई करो.

नवखी_पीआरओ

टीम भेटणार कधी पण? बूथ कुठला ते पण माहीत नाही.

पीओ_टू_कायमची

टीम साधारण दुसऱ्या ट्रेनिंगला कळते, बूथ शेवटच्या रँडमायझेशनला (संगणकावरची सोडत), म्हणजे साहित्य घ्यायला जाल तेव्हा. म्हणून दुसऱ्या ट्रेनिंगला चौघं एकत्र बसा, नंबर घ्या, आणि मशीन मिळालं तर तुम्ही एकट्याच नका हाताळू, पीओ 3 ला बटणं दाबू द्या आणि तुम्ही क्रम बोला. साहित्य घेताना सीयू, बीयू, व्हीव्हीपॅटचे नंबर यादीशी ताडून बघा आणि मतदार यादीची चिन्हांकित प्रत तुमच्याच केंद्राची आहे ना ते पान उलटून बघा. हे वाटप केंद्रावरच, गाडीत बसल्यावर नाही.

खडूफळा

आणि 6 वाजता मतदानाची वेळ संपताना रांग असेल तर रांगेच्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे यायचं, पुढून मागे नाही, नाहीतर मागे माणसं वाढतच जातात. शेवटचं मत पडलं की क्लोज दाबायचं, मग 17 सी, त्याची प्रत एजंटांना सही घेऊन. पाकिटं आदल्या रात्रीच लिहून ठेवा मॅडम, हिरवं सांविधिक (कायद्याने ठरवलेल्या कागदांचं), पिवळं असांविधिक. संकलन केंद्रावर रात्री उशीर होतो तो पाकिटांमुळेच.