ईआरए फुगलाय, एफआयपी चांगला आहे: पिचर ठेवू की सोडू?

डावखुरा:
आमची १२ टीमची बेसबॉलची फँटसी लीग, रोटो पद्धतीची (प्रत्येक कॉलममधल्या क्रमांकावरून गुण). पिचिंगचे नेहमीचेच पाच कॉलम: विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन), व्हिप (इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट). माझ्या एका स्टार्टरचा (सामना सुरू करणाऱ्या पिचरचा) ईआरए पाचच्या वर गेलाय. एफआयपी (फिल्डिंग वगळून काढलेला ईआरएसारखा आकडा) मात्र साडेतीनच्या आत आणि बॅबिप (मैदानात टोलवलेल्या चेंडूंवर हिट पडण्याचं प्रमाण, होमरन सोडून) .३६०. स्ट्राइकआउट भरपूर, वॉक (चार बॉलवर बॅटरला फुकट मिळणारा बेस) कमी. सगळे म्हणतात दुर्दैव आहे, थांब. पण दर पाचव्या दिवशी माझ्या व्हिपची वाट लागतेय. नक्की कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवू?

स्लायडरप्रेमी:
ठेवा. पण का ठेवायचं तेही समजून घ्या, म्हणजे पुढचा स्टार्ट वाईट गेला तरी बोट ड्रॉपच्या बटणाकडे जाणार नाही.

एफआयपीचा हिशेब सोपा आहे. होमरन गुणिले १३, वॉक आणि हिट बाय पिच (चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस) गुणिले ३, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा, भागिले इनिंग, वर साधारण ३.१ मिळवायचे. फिल्डरच्या वाट्याला आलेल्या चेंडूचं काय झालं, हे त्यात येतच नाही. अशा चेंडूंवर हिट पडणं पिचरच्या हातात फार थोडं असतं, हे बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ च्या लेखात मांडलं, आणि तेव्हा ते भल्याभल्यांना पटलं नाही.

मला ते पटलं पेड्रो मार्टिनेझचे दोन सीझन शेजारी ठेवल्यावर. १९९९: २१३ इनिंग, ३१३ स्ट्राइकआउट, ९ होमरन, ईआरए २.०७. २०००: २१७ इनिंग, २८४ स्ट्राइकआउट, १७ होमरन, आणि ईआरए १.७४! स्ट्राइकआउट घटले, होमरन जवळपास दुप्पट झाले, तरी ईआरए उतरला. दोन्ही वर्षी फिल्डरकडे गेलेले चेंडू ४७० च्या आसपासच होते. त्यांवर १९९९ मध्ये १५१ हिट पडले, २००० मध्ये १११. सगळी गंमत त्या ४० हिटमध्ये आहे. एफआयपी मात्र १.३९ वरून २.१७ वर गेला. लोक २००० चं वर्ष डोक्यावर घेतात. माझ्या मते पेड्रोची पिचिंग १९९९ मध्ये जास्त भारी होती.

लीगचा बॅबिप .२९० ते .३०० च्या आसपास राहतो. तुमचा .३६० टिकणारा नाही.

नववी_इनिंग:
दुसरी बाजूही सांगतो. रिकी नोलास्को, २००९: १८५ इनिंग, १९५ स्ट्राइकआउट, फक्त ४४ वॉक, ईआरए ५.०६. आता सुधारणारच म्हणून त्याला घेणारे कमी नव्हते. पुढे काय? २०१० मध्ये ४.५१, २०११ मध्ये ४.६७. एफआयपी प्रत्येक वेळी ईआरएच्या खाली. काही पिचरचा ईआरए एफआयपीपर्यंत खाली येतच नाही. बेसवर रनर आल्यावर तुमच्या पिचरचं काय होतं ते बघा. एलओबी% (बेसवर आलेल्यांपैकी रन न होता राहिलेल्यांची टक्केवारी) साधारण ७२ ला असायला हवा.

डावखुरा:
मग हा नोलास्को की नुसता कमनशिबी, हे सीझनच्या मध्यात ओळखायचं कसं?

स्लायडरप्रेमी:
नोलास्कोचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच मी एफआयपीवर थांबत नाही. आधी के-बीबी% (स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची वजा), कारण स्ट्राइकआउटचं प्रमाण थोड्या स्टार्टमध्येच स्थिरावतं. बॅबिपला अख्खा सीझनही पुरत नाही. मग फास्टबॉलचा वेग. २०१५ पासून सगळ्या मैदानांचा स्टॅटकास्ट (चेंडूचा वेग वगैरे मोजणारी यंत्रणा) डेटा उघडा आहे, गेल्या वर्षीशी ताडून बघा. वेग तेवढाच असेल तर निर्धास्त राहा. ताशी दोन मैलांनी उतरला असेल, जोडीला हार्ड-हिट% (जोरात टोलवलेल्या चेंडूंची टक्केवारी) चढला असेल, तर तो .३६० दुर्दैवाचा नाही, बॅटर त्याला खरोखरच फोडताहेत. तेव्हा कोणी ट्रेड करायला तयार असेल तर लगेच करा.

आणि ठेवलात तरी प्रत्येक स्टार्टला खेळवू नका. कॉलोरॅडोचं मैदान कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंच, तिथे ब्रेकिंग बॉल नीट वळत नाही, आणि आउटफिल्ड इतकं ऐसपैस की साधे फटकेही मोकळ्या जागेत पडतात. कॉलोरॅडोचा दौरा असेल त्या आठवड्यात त्याला बेंचवर बसवा.