खग्रास सूर्यग्रहण प्रत्यक्ष पाहिलंय का? अनुभव आणि तयारी इथे लिहा

सावलीचा_पाठलाग
काल कपाट आवरताना जुन्या वहीत ग्रहणाचा चष्मा सापडला, १९९५ चा, पुठ्ठ्याचा. बाबा मला तेव्हा राजस्थानात नीम का थान्याला घेऊन गेले होते. २४ ऑक्टोबरची सकाळ. खग्रास मिनिटभरही टिकलं नाही, पण अजून डोळे मिटले की तो काळा गोल आणि भोवतीची पांढरी प्रभा तशीच दिसते. बाबा एक शब्द बोलले नाहीत, माझा हात घट्ट धरून उभे होते. आता २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे आणि मुलीला न्यायचं मनात आहे, नऊ वर्षांची आहे. डोळ्यांची धास्ती वाटते. काय केलंत, काय चुकलं, सगळं लिहा.

कोरभर_चंद्र
आधी तो १९९५ चा चष्मा मुलीला देऊ नका!! ओरखडा, सुरकुती, टाचणीएवढं भोक काहीही असेल तर बाद. नवीन घ्या, आयएसओ १२३१२-२ (सूर्य बघायच्या चष्म्यांचं सुरक्षा मानक) लिहिलेलं बघा आणि नुसत्या छापावर विश्वास न ठेवता खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. घरात लावून बघा, साधे दिवे, फर्निचर काही म्हणजे काही दिसायला नको.

रानवारा७
२०२४ ला इंडियानात होतो आम्ही, पावणेचार मिनिटांच्या आसपास मिळालं, आधीचा तास सव्वा तास नुसतं चष्म्यातून सूर्य कुरतडला जाताना बघायचं, मुलं कंटाळली पण मग झाडाखाली बघितलं तर पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडलेल्या आणि मुलं त्यांच्या मागेच लागली, मग एकदम गार वाटायला लागलं, उजेड विचित्र झाला, सावल्यांच्या कडा धारदार, आणि डायमंड रिंग, म्हणजे सूर्याचा शेवटचा हिऱ्यासारखा ठिपका, चमकून विझली की चष्मे काढले, शुक्र लख्ख दिसत होता, चारी बाजूंना क्षितिजावर संध्याकाळ. एक सांगते, शेजारचे आजोबा भीतीपोटी चष्मा काढेनातच. बिचारे पूर्ण खग्रासभर काळोख बघत बसले. ग्रहणचष्म्यातून प्रभा दिसत नाही! मुलीला हे आधीच नीट समजवा.

सावलीचा_पाठलाग
बाप रे, हे लक्षातच आलं नसतं. मी तर तिला "अजिबात काढायचा नाही" असंच बजावणार होतो.

निळी_शाई
माझ्या धाकट्या भावाचं लिहिते. खंडग्रास होतं, शाळेत होता, एक्सरेच्या फिल्ममधून मित्रांनी आळीपाळीने बघितलं. त्या वेळी काही दुखलं नाही, डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला ताई अक्षराच्या मधोमध डाग दिसतोय. डॉक्टर म्हणाले पडदा भाजलाय. थोडं सुधारलं, पण उजव्या डोळ्यातला तो ठिपका आजही आहे. काजळी लावलेली काच, गॉगल, सीडी, फिल्म, काही नको. प्लीज.

रानवारा७
@निळी_शाई वाचून कसंतरी झालं. भावाला वाचता येतं ना व्यवस्थित?

निळी_शाई
हो गं, डावा चांगला आहे. गाडी चालवतो, सगळं करतो.

तिपाई
कॅमेरावाल्यांसाठी. फिल्टर दुर्बिणीच्या किंवा लेन्सच्या पुढच्या तोंडाला लावायचा, डोळ्याकडच्या बाजूला कधीच नाही, एकवटलेल्या उष्णतेने तो तडकू शकतो. ग्रहणचष्मा घालून दुर्बिणीतून बघणं तर त्याहून भयंकर, चष्मा क्षणात जळतो. मी २०१७ ला पूर्ण खग्रास फोकस लावण्यात घालवलं, बायको शेजारी रडत होती आणि मी स्क्रीनकडे बघत होतो. पहिल्यांदा जात असाल तर कॅमेरा बॅगेतच राहू दे.

मळभ
आम्ही २००९ ला बिहारमध्ये तरेगणाला गेलो होतो. ढग. फक्त अंधार झाला आणि पक्षी गप्प झाले. त्याच सकाळी वाराणसीत लोकांना छान दिसलं!! तेव्हापासून जागा ठरवताना आधी त्या महिन्याचं आकाश बघतो. लक्सर त्या बाबतीत उत्तम, पण ऑगस्टची भर दुपार, ऊन मरणाचं असेल, टोपी, पाणी, सावलीची जागा आधी शोधा.

कोरभर_चंद्र
आणि खग्रास पट्ट्याच्या, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो त्या भागाच्या, आतच जा. ९९ टक्के म्हणजे जवळजवळ तेच असं लोक म्हणतात, अजिबात नाही. उरलेल्या एका टक्क्याच्या उजेडात प्रभा दिसत नाही आणि चष्माही काढता येत नाही. १२ ऑगस्ट २०२६ च्या ग्रहणात माद्रिद आणि बार्सिलोना दोन्ही पट्ट्याच्या जरासे बाहेर आहेत, शहरातच थांबणाऱ्यांचं खग्रास थोडक्यात हुकणार.

दोन_लेकरांची_आई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मुलांच्या नाकावरून तो चष्मा सारखा घसरतो. कागदी ताटलीला डोळ्यांपुरती खाच पाडून त्यात चष्मा चिकटवा, मुखवट्यासारखा, कडेनेही ऊन येत नाही. चष्मा लावून मगच वर बघायचं, खाली बघून मगच काढायचा, ही सवय महिनाभर आधी खेळातून लावा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून दुसऱ्या कागदावर सूर्य पाडणं मुलांना खूप आवडतं, पाठ सूर्याकडे, भोकातून वर बघायचं नाही!

तिपाई
@दोन_लेकरांची_आई ताटलीची युक्ती भारी. मोठ्यांनाही लागेल, माझ्या जाड भिंगांवर तो चष्मा बसतच नाही.

सावलीचा_पाठलाग
सगळ्यांचे मनापासून आभार. खग्रास संपायची वेळ फोनवर लावून ठेवणार, गजर दहा सेकंद आधीचा, म्हणजे पुन्हा चष्मा चढवायला सांगता येईल. जुना चष्मा फेकायलाच निघालो होतो, मागे बाबांच्या अक्षरात तारीख आणि माझं नाव लिहिलेलं दिसलं. काळी फिल्म काढून टाकतो, पुठ्ठा ठेवतो.

कोरभर_चंद्र
ठेवा ठेवा. फिल्मचे मात्र कात्रीने तुकडे करा, एखाद्या पोराच्या हाती लागायला नको.