बरिस्तांचा संप: पाठिंबा नेमका कसा द्यायचा? (अनुभव धागा)

१३ नोव्हेंबर २०२५ च्या 'रेड कप डे'ला अमेरिकेतल्या स्टारबक्सच्या साठाहून जास्त दुकानांतले बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारे कामगार, संपावर गेले. दिवस मुद्दाम निवडलेला. फुकटच्या लाल कपासाठी त्या दिवशी दारापर्यंत रांग असते. बफेलोच्या एल्मवुड अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात १९ विरुद्ध ८ मतांनी युनियन आली ती ९ डिसेंबर २०२१ ला, आणि संप सुरू झाला तेव्हाही पहिला करार झालेला नव्हता. मागण्यांत पगाराइतकाच तासांचा मुद्दा मोठा आहे: आठवड्याला सरासरी २० तास भरले तरच आरोग्यविमा, आणि पाळ्या लावणार मॅनेजर.

पिकेटवर (म्हणजे दुकानाबाहेर फलक घेऊन उभ्या संपकऱ्यांना) मदत केलेल्यांनी काय चालतं, काय फसतं ते लिहा. 'आम्ही सोबत आहोत' एवढंच नको.

न्यू जर्सी
चहा नेणार असाल तर '४० कपी' अर्नवर (चहा-कॉफीच्या तोटीवाल्या विजेच्या पिंपावर) विसंबू नका. त्यातला कप १५० मिलिचा, म्हणजे एकूण ६ लिटर. कागदी पेल्यात २४० मिलि ओतलं की पंचवीस जणांत खेळ खलास. शिवाय दूध घातलेला चहा त्यात ठेवला की तळाला लागतो आणि शेवटचे पेले करपट लागतात. घरी उकळा, गाळा, मोठ्या थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटं तापवून घ्या. ओटच्या दुधाचा छोटा थर्मास वेगळा. पेले कोरे न्या. (स्टारबक्सचाच कप हातात घेऊन पाठिंबा द्यायला येणारं कुणीतरी निघतंच!)

बॉस्टन
दुपारी बाराला फुटपाथवर जागा नसते, पहाटे पाचला दोन टाळकी. माल मात्र रात्री नाहीतर पहाटे येतो. टीमस्टर्स युनियनच्या बऱ्याच करारांत ट्रकचालकाला पिकेट न ओलांडण्याची मुभा असते, पण ओलांडायला समोर पिकेट तर दिसली पाहिजे; नाहीतर क्रेट उतरतात आणि दुकान दिवसभर चालतं. २०२२ मध्ये इथल्या कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा संप ६४ दिवस चालला. म्हणून पिकेटसाठी नाव देताना 'जमेल तसं येईन' नको. 'मंगळवार, पहाटे साडेचार ते सात' असं द्या.

सॅन होजे
'नो कॉन्ट्रॅक्ट, नो कॉफी' या संपाच्या घोषणेचा अर्थ संपावरचं एकच दुकान टाळणं नव्हे, करार होईपर्यंत स्टारबक्सच टाळणं. अ‍ॅप काढून टाकण्याआधी त्यातला ऑटो-रीलोड बंद करा. अ‍ॅप गेलं तरी खातं राहतं. घरातलं दुसरं कुणी तेच कार्ड वापरत असेल तर शिल्लक ठरलेल्या रकमेखाली आली की बँकेतून पुन्हा पैसे जातात. दिवाळी-नाताळची गिफ्ट कार्डंही नकोत, तिथे पैसे आगाऊच पोचतात.

शिकागो
सार्वजनिक फुटपाथवर राहा, चालत राहा, दार अडवू नका. ड्राइव्ह-थ्रूच्या तोंडाशी पत्रकं वाटायची तर चालकाच्या बाजूने. गाडीसमोर उभं राहिलात की पोलिसांना निमित्त मिळतं. कर्ण्याला काही शहरांत परवाना लागतो.

फलक घरून रंगवून आणू नका, हे जरा सविस्तर सांगतो. संप केवळ पगारवाढीसारख्या आर्थिक मागण्यांसाठी असेल तर मालक संपकऱ्याच्या जागी कायमचा बदली माणूस ठेवू शकतो. कायदा मोडणाऱ्या मालकी वागणुकीविरुद्ध संप असेल तर तसं करता येत नाही, जागा परत द्यावी लागते. त्यामुळे फलकावरचा मजकूर संपकऱ्यांनाच ठरवू द्या. पाहुण्याने हौसेने 'पगार वाढवा' एवढंच मिरवलं तर तो फोटो उद्या कुणाच्या कामी येईल सांगता येत नाही.

बॉस्टन
आत काम करणाऱ्यांना शिव्या नकोत, हे राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांतलेच दोघं बाहेर येऊ शकतात.

फिलाडेल्फिया
पैसे युनियनच्या अधिकृत संपनिधीतच टाका. फिरत आलेल्या लिंका नकोत. युनियनला दिलेली रक्कम करातून वजा होत नाही. १९८२ च्या संपात गिरणी कामगाराला गाव तरी होतं. बरिस्ताला पहिल्या तारखेला भाडं, आणि पगाराबरोबर टिपही बुडालेली. म्हणून वर्गणी महिनाअखेरीच्या आधी पोचू द्या.

न्यू जर्सी
खाण्याचं विसरले. हातमोज्यांतून एका हाताने खाता येईल असंच न्या: पोळीचा रोल, फॉइलमध्ये गुंडाळून. साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की गोळा होतो. आणि दाण्याचं कूट कशातही असेल तर डब्यावर इंग्रजीत ठळक लिहा, कुणाला अ‍ॅलर्जी असू शकते.