मदत हवी आहे: पोटाची चरबी काढून गुडघ्यात इंजेक्शन, कुणी केलंय का?

मंडळी, आईचं वय ६४, दोन्ही गुडघे गेल्यात, उजवा जास्त. एक्स-रे बघून इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी ग्रेड ३ ची झीज सांगितलीय, म्हणजे चारपैकी तिसऱ्या पायरीची. पूर्वी कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर चालत जाऊन धारोष्ण दूध घेऊन यायची, आता घरातल्या जिन्याच्या नऊ पायऱ्यासुद्धा कठडा धरून आडवी आडवी उतरते. वाटी बदलायचं नाव काढलं की म्हणते, मेले तरी चालेल पण कापून घेणार नाही.

तर गेल्या रविवारी आमच्या गल्लीत एका क्लिनिकचं फुकट शिबिर झालं. म्हणाले पोटाची चरबी सिरिंजनं ओढायची, त्यातल्या स्टेम सेल (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडायच्या, सांध्यातली झिजलेली गादी परत तयार होते, स्वतःचीच चरबी म्हटल्यावर धोका कसला. एका गुडघ्याला पावणेदोन लाख. वर "सरकारची मान्यता आहे" असंपण म्हणाले. आई तर लगेच तयार, म्हणते चरबीपण जाईल 😄 मला काय पटेना. पैशाचं सोडा, होतंय का खरंच काही?

प्रतिसाद १:
भावा, मी फिजिओ आहे, मिरजेला. चरबीतून निघतं ते मिश्रण असतंय, त्यात स्टेम सेल थोड्याच. अमेरिकेत पावणेपाचशेच्या आसपास पेशंटवर चाचणी झाली, २०२३ ला छापून आली, चरबीतल्या पेशी, बोनमॅरो (हाडातला मगज), नाळेतल्या पेशी आणि साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन अशी तुलना. वर्षभरानं दुखण्यात स्टिरॉइडपेक्षा सरस एकही निघालं नाही. मान्यतेचं म्हणशील तर २०२२ ला आपल्याकडं गुडघ्यासाठी स्टेमप्यूसेल नावाच्या स्टेम सेलच्या औषधाला मिळाली, पण ते दात्यांच्या बोनमॅरोपासून करतात, चरबीपासून नव्हे. दुसऱ्याचं लायसन आपल्या गाडीला लावल्यागत झालं. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमात असले उपचार चाचणीबाहेर करायचे नाहीत, आणि चाचणीत पेशंटकडनं पैसे घ्यायचे नसतात. सीटीआरआय नंबर, म्हणजे चाचणीचा सरकारी नोंदणी नंबर, माग त्यांना.

प्रतिसाद २:
आमच्या मावशींनी असलंच काहीतरी करून घेतलं, सहा महिने बरं वाटलं, परत जैसे थे. पण त्याच वेळी वजनपण सात किलो उतरवलं होतं, त्यामुळं नेमकं कशानं बरं वाटलं देव जाणे.

धागाकर्ता:
आभारी आहे. फोन लावला, नंबर मागितला, तर बाई म्हणाल्या "सरांना विचारून सांगते", चार दिवस झाले अजून सांगतायत. 😂 फिजिओदादा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम डॉक्टरांनी दिलाय, दहा आकडे मोजायला लावलेत, आई सहालाच सोडून देते आणि सिरियल बघत बसते. दिवसातनं किती वेळा करायला लावू? आणि भारतीय संडास बंद करून कमोडची खुर्ची आणायची म्हणतोय, ती पत्र्याच्या पायांची टिकते का?