होमस्कूलिंग: धडे दुपारी तीनपर्यंत लांबतात, वचन वाचणं राहून जातं, ध्येयं कागदावरच

तिघांची_आई

जय ख्रिस्त. मुलं 10, 7 आणि 2 वर्षांची, तिघंही घरीच. सकाळी नऊला बसतो आणि मोठ्याचं गणित आटपेपर्यंत तीन वाजतात. मधली मुलगी निम्मा वेळ नुसती वाट बघत बसते, धाकटा टेबलावर चढून पेन्सिली फेकतो. कौटुंबिक प्रार्थना रात्री ठेवली आहे, पण तोवर सगळे पेंगलेले असतात. आठवड्यातून दोनदा झाली तरी पुष्कळ. बायबल उत्पत्तीच्या पुस्तकापासून क्रमाने वाचायला घेतलं होतं, लेवीयमध्ये गाडी अडकली.

वर्षाच्या सुरुवातीला 14 ध्येयं लिहून काढली होती. त्यातली 9 'अधिक' या शब्दाने सुरू होतात: अधिक संयम, अधिक वाचन, अधिक प्रार्थना वगैरे. आता तो कागद बघवत नाही. वेळापत्रक आणि ध्येयं दोन्ही नव्याने बसवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

ओळीवर_ओळ

ताई, 10 आणि 7 वर्षांच्या दोन मुलांना सहा तास लागायला नकोत. एवढा वेळ जातो तेव्हा त्यातला बराचसा वाट बघण्यात जातो. तीन दिवस फक्त एवढंच करा: प्रत्येक धडा कधी सुरू झाला, कधी संपला आणि मूल तुमच्यासाठी किती मिनिटं खोळंबलं ते वहीच्या मागच्या पानावर टिपा. वेळापत्रकाला हात लावायचा तो त्यानंतर.

मग धड्यांचे दोन ढीग करा, 'आईजवळ बसून' आणि 'एकट्याने'. साधारण हिशोब असा येतो. मुलीचं वाचन 15 मिनिटं, गणित 20, अक्षर 10, म्हणजे 45. मोठ्याचं गणित समजावणं 10, सोडवलेलं तपासणं 10, वाचलेलं तोंडी सांगणं 10, लेखन तपासणं 10, म्हणजे 40. दोघांना एकत्र बसवून वचन 15 आणि इतिहास किंवा विज्ञान मोठ्याने वाचणं 25, म्हणजे 40. एकूण 125 मिनिटं. तुमचं खरं काम दोन तासांच्या आसपास आहे. बाकीचा वेळ कुठे गळतो ते त्या तीन दिवसांच्या टिपणात सापडेल.

मांडणी अशी करून बघा. 8:45 ते 9 फक्त धाकट्यासोबत, जमिनीवर बसून, फोन दुसऱ्या खोलीत. ही 15 मिनिटं आधी दिली नाहीत तर तो ती पुढे टेबलावर चढून वसूल करतो. 9 ते 9:40 सगळे एकत्र. 9:40 ला मोठ्याला गणित समजवा, तेवढा वेळ मुलगी धाकट्याला खेळ काढून देईल. 9:50 ते 10:15 मोठा एकटा गणितं सोडवेल आणि तुम्ही मुलीचं वाचन आणि अक्षर घ्याल. 10:15 ला मोठ्याची वही तपासा, मग 20 मिनिटं सुट्टी. 10:45 ला मुलीचं गणित, तेव्हा मोठा एकटा वाचतो. 11:05 ला त्याने वाचलेलं सांगायचं, 11:15 पासून त्याचं लेखन. 11:45 ला पुस्तकं बंद.

गणित लांबण्याचं कारण बहुधा तपासण्याच्या वेळेत असतं. वही संध्याकाळी तपासली की चूक पानभर गिरवून झालेली असते आणि ती पुसायला दुसरा दिवस जातो. म्हणून पहिली तीन गणितं झाली की तिथेच उभ्या उभ्या नजर टाका. दहापैकी तीन चुकली तर पुढची वीस देऊ नका. रीत कळलेली नाही, उद्या पुन्हा समजवा. पानावर 30 गणितं असतील तर विषम क्रमांकाचीच सोडवू द्या, जमली तर पान झालं. आणि 40 मिनिटं झाली की खूण घालून बंद. रडत सोडवलेलं गणित डोक्यात राहत नाही. छोटे धडे आणि 'एकदाच वाच आणि तुझ्या शब्दांत सांग' या दोन्ही गोष्टी इंग्लंडच्या शार्लट मेसन (1842–1923) यांनी घरच्या शिक्षणासाठी आग्रहाने मांडल्या. होमस्कूलिंगवाल्यांमध्ये त्या आजही चालतात, कारण दोन्हींना तयारी लागत नाही.

विज्ञान, इतिहास, नकाशा, चित्रकला, संगीत यांना वार ठरवून देऊ नका. एका पट्टीवर पाच नावं एकाखाली एक लिहा आणि कपड्याचा चिमटा लावा. आज जे झालं त्याच्या खाली चिमटा सरकवायचा. मंगळवार आजारपणात गेला तरी 'मंगळवारचं विज्ञान बुडलं' असं होत नाही, चिमटा होता तिथेच थांबतो.

वेलीचा_फाटा

वेळापत्रकावर वर लिहिलंच आहे, मी फक्त वचनाबद्दल.

रात्रीची प्रार्थना मोडते कारण ती दिवसाच्या उरलेल्या शक्तीवर चालते. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, 6:7 मध्ये, मुलांशी वचनाविषयी बोलण्याच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यातली एक पक्की धरा. माझं मत 'बसलेले असताना', आणि तेही जेवणाला जोडून. शेवटचा घास संपतो आणि ताटं उचलायची असतात त्या मधल्या वेळात सगळे आपापल्या जागी असतात. पुस्तक त्याच खोलीत हाताला लागेल असं ठेवा. शोधायला उठलात की मुलं पांगली. सकाळच्या 9 च्या 15 मिनिटांत पाठांतर घ्या आणि वाचन जेवणानंतर, म्हणजे दोन्हींना दम मिळेल.

उत्पत्तीपासून सुरुवात का नको? बायबलचे 1189 अध्याय. शाळेचे 36 आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय धरला तरी वर्षाला 180 होतात, म्हणजे साडेसहा वर्षं. शिवाय मध्ये वंशावळी, निवासमंडपाची मापं, यज्ञांचे नियम. उत्पत्ती 38 किंवा शास्ते 19 सारखा अध्याय सात वर्षांच्या मुलीसमोर अचानक उघडला की वाचणाऱ्याचीच तारांबळ उडते. नीतिसूत्रांचे 31 अध्याय तारखेप्रमाणे वाचायची पद्धत लोकप्रिय आहे, पण त्यातही 5 आणि 7 परस्त्रीबद्दल आहेत आणि काही अध्याय तीस ओळींच्या पुढे जातात. तिथून रोज चार ओळी आधी निवडून ठेवा.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. 16 अध्याय, प्रसंग छोटे आणि हालचाल भरपूर. रोज 12 ते 15 ओळी घेतल्या तर दहा आठवड्यांच्या आसपास संपतं. संपूर्ण नवा करारच हवा असेल तर त्याचे अध्याय 260 आहेत, म्हणजे आठवड्याला पाच धरले की बरोबर 52 आठवडे. पण त्यातली प्रेषितांची पत्रं सात वर्षांच्या मुलीला जड जातील, ती मोठ्यासाठी राहू द्या.

बसण्याचा क्रम: एका वाक्याची प्रार्थना, वाचन, एका मुलाने प्रसंग पुन्हा सांगणं, एक प्रश्न, मग प्रत्येकाची एक विनंती आणि एक आभार. दहा मिनिटांत उठायचं. प्रश्न एकच, दिवसागणिक बदलता: यातून देवाबद्दल काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं, आज आपण काय करायचं. एक पथ्य मात्र कडक पाळा. सकाळी भांडण झालं म्हणून त्याच भांडणावरचं वचन जेवणानंतर काढू नका, आणि शिक्षा म्हणून ओळी लिहायला देऊ नका. मुलांना लगेच कळतं की वचनाची छडी झाली आहे. मुलांना चिडवू नका असं सांगणारं इफिसकरांस 6:4 त्याबद्दलच आहे.

पाठांतरासाठी कार्डांची पेटी करा. कार्डांचे गट वेगळे करायला जाड कागदाचे 41 दुभाजक लागतात: 'रोज' 1, 'सम' आणि 'विषम' 2, वारांचे 7, तारखांचे 31. नवं वचन 'रोज'च्या मागे. न अडखळता यायला लागलं की सम किंवा विषममध्ये. तिथे दोन-तीन आठवडे टिकलं की एखाद्या वाराच्या मागे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या तारखेच्या मागे. रोज फक्त चार ठिकाणची कार्डं काढायची. समजा आज बुधवार, 14 तारीख: रोज, सम, बुधवार आणि 14. पाच-सात मिनिटं पुरतात. पेटी बिघडते ती तीन कारणांनी. 'रोज'मध्ये एकाहून जास्त कार्डं साचतात. दोन वेगवेगळी भाषांतरं मिसळतात आणि शब्द जुळत नाहीत. किंवा संदर्भ पाठच होत नाही. संदर्भ वचनाच्या आधी आणि नंतरही म्हणून घ्या. सुरुवातीला 23 वं स्तोत्र घ्या, सहा ओळी, आठवड्याला एक. आठवड्यात ओळ बसली नाही तर पुढे ढकला, कार्ड सरकवायची घाई नको.

तिघांची_आई

पेटीची कल्पना पटली, आजच कागद कापते. दोन गोष्टी राहिल्या: धाकट्याला त्या दोन तासांत काय द्यायचं, आणि ती 14 ध्येयं.

शांत_दुपार

धाकट्यासाठी पाच डबे, वारागणिक एक. सोमवारचा डबा पुन्हा पुढच्या सोमवारीच उघडायचा. नवलाई टिकते ती यामुळेच. एका डब्यात तीनच वस्तू, यांतून निवडून: झाकणांसकट डबे, मोठे लाकडी ठोकळे, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, घट्ट झाकणाच्या बाटलीत रंगीत पाणी. डाळी, मणी, गोट्या, बटणं अजिबात नकोत, नाकात आणि घशात जातात. चाचणी सोपी आहे, कागदी रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार पडते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. डबा साधारण 20 मिनिटं चालतो. म्हणून तो 9 ला उघडू नका, तुम्ही मुलीचं वाचन घ्यायला बसाल तेव्हा उघडा. एकत्र वाचनाच्या वेळी तो मांडीवर चालतो.

आता ध्येयं. 'अधिक'ने सुरू होणारी नऊच्या नऊ खोडा. अधिक संयम आला की नाही हे रात्री कसं ठरवणार? ध्येय असं हवं की दिवस संपताना हो किंवा नाही म्हणता येईल. 'मी संयम ठेवीन'च्या जागी 'मूल बोलायला आलं की हातातली वस्तू खाली ठेवून मगच उत्तर देईन'. 'मुलं नीटनेटकी व्हावीत'च्या जागी 'सुट्टीला पळण्याआधी वही टोपलीत'. प्रत्येक मुलाला एका वेळी एकच सवय, सहा ते आठ आठवडे. पहिले दोन आठवडे तुम्ही तिथे उभं राहून करून घ्यायची. लांबून ओरडून आठवण केली तर मुलाला वहीची नाही, तुमच्या आवाजाची सवय लागते. तुमचंही एकच. म्हणजे कागदावर चार ओळी उरतात.

गलतीकरांस 5:22-23 मधल्या आत्म्याच्या नऊ फळांचा तक्ता करून तारे चिकटवायचा मोह होतो. तो टाळा. दहा वर्षांचा मुलगा तारा मिळवायला ममतेने वागायला शिकतो, आणि ते बघायला फार गोड वाटतं हीच पंचाईत आहे. तारे वहीसाठी ठेवा. फळांसाठी प्रार्थना करा आणि दिसलं की नाव घेऊन सांगा: 'तू आज बहिणीसाठी थांबलास, ते मी पाहिलं.'

आणि तुमच्या स्वतःच्या वाचनाचं. तिघं उठायच्या आधी एक तास उठा हा सल्ला दोन वर्षांच्या मुलाच्या आईला देऊ नये. दुपारी शांत तास लावा: धाकटा झोपतो, मोठी दोघं वेगवेगळ्या जागी पुस्तक किंवा चित्रं घेऊन. पहिल्या दिवशी 15 मिनिटांनी सुरुवात करा आणि दर तीन दिवसांनी 5 वाढवा. तीन-चार आठवड्यांत 60 वर पोचता. वेळ संपल्याचं घड्याळाने सांगावं, तुम्ही नाही, नाहीतर दर चार मिनिटांनी 'झालं का?' ऐकाल. त्यातली पहिली 15 मिनिटं तुमच्या वचनाची, उरलेली पाठ टेकायची. त्या तासात कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत.

वाचक_बाबा

एकच भर. जेवणानंतरचं वाचन वडिलांनी घ्यावं, घरी असतील तर. दिवसभर आईचाच आवाज ऐकलेला असतो. सफाईने वाचता येत नसेल, कंटाळा येत असेल तरी चालतं, 12 ओळीच आहेत. आधी एकदा मनात वाचून घ्यायच्या, नावांवर अडखळणं कमी होतं. इफिसकरांस 6:4 वर उल्लेखलं आहे, ते मुळात बापांना उद्देशून लिहिलेलं आहे.

हजेरीवही

नोंदींचं कुणी लिहिलं नाही. नियम जागोजागी वेगळे. कुठे आधी कळवावं लागतं, कुठे दिवस मोजतात, कुठे तास, कुठे वर्षाअखेर परीक्षा. तुमच्या भागाचा नियम शिक्षण खात्याच्या कागदावरच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. कुणी विचारत नसलं तरी एक वही ठेवा. दिवसाला तीन ओळी: तारीख, झालेले धडे, वाचलेली पानं. शिवाय दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक विषयाचं प्रत्येकी एक पान, तारीख घालून, फाइलला. सुंदर पान निवडू नका, नेहमीचं घ्या. सहा महिन्यांनी शेजारी शेजारी ठेवलं की प्रगती त्यातच दिसते.

वर्षाची मोजणी अशी: सहा आठवडे अभ्यास, एक आठवडा मोकळा, असं सहा वेळा. 42 आठवडे होतात, त्यात अभ्यासाचे 36. उरलेले दहा सण, पाहुणे आणि आजारपणाला. मोकळ्या आठवड्यात वही तपासायची, पुढच्या सहा आठवड्यांची पानं ठरवायची. गणिताच्या पुस्तकात 140 धडे असतील तर आठवड्याला चारच लागतात, पाचवा दिवस उजळणीला सुटतो. ताई, मोठ्याच्या पुस्तकातले धडे आज मोजून बघा. रोज एक झालाच पाहिजे अशी घाई बहुतेक वेळा पुस्तकाची नसतेच.