सरीसृपांचे हिमोग्लोबिन रक्तपेशीचे रक्षण नेमके कसे करते?

प्राणिशास्त्र_शिक्षिका (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ असल्यामुळे हिमोग्लोबिनचा धडा आला की वर्गात प्रश्नांना तोटा नसतो, आणि त्यांतलाच एक प्रश्न इथे मांडते. माणसाच्या तांबड्या पेशीत दिवसाकाठी साधारण ०.५ ते ३ टक्के हिमोग्लोबिनचे आपोआप ऑक्सिडेशन होऊन त्याचे मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारे रूप) बनते आणि त्या क्रियेत सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे घातक, क्रियाशील रूप) बाहेर पडते, असे आपण शिकवतो. म्हणजे पेशीवरील ऑक्सिडेटिव्ह ताणाचा एक मोठा उगम हिमोग्लोबिनच आहे. कासव, मगर, साप यांच्याबाबत मात्र हेच प्रथिन पेशीचे रक्षण करते असे वाचनात येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? फरक लोहाच्या जागी आहे की प्रथिनाच्या दुसऱ्या एखाद्या भागात?

जीवरसायन_वाचक

मॅडम, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण त्या एकाच रेणूच्या दोन वेगळ्या भागांत घडतात. हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भाग) आणि त्यातले लोह सरीसृपांतही आपल्यासारखेच असते, आणि त्यांच्या हिमोग्लोबिनमधूनही सुपरऑक्साइड निघते. फरक आहे तो प्रथिनाच्या साखळ्यांच्या पृष्ठभागावर. माणसाच्या चार साखळ्यांच्या रेणूत एकूण सहा सिस्टीन (गंधकयुक्त अमिनो आम्ल) असतात. त्यांतील बीटा साखळीवरील ९३ व्या जागेचे दोनच सहज अभिक्रिया करतात, बाकीचे आत दडलेले असतात. अनेक कासवांत, मगरींत आणि इतर सरीसृपांत पृष्ठभागावरच्या, म्हणजे हाताशी असलेल्या सिस्टीनची संख्या याहून जास्त असते. सिस्टीनवरचे हे गंधकाचे गट, म्हणजे थायॉल गट, ही ऑक्सिडीकारकांविरुद्धची एक संरक्षक फळी असावी, ही कल्पना ब्राझीलचे संशोधक एव्हाल्डो रायशल यांनी १९८६ मध्ये मांडली.

याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे गणित करून पाहावे. माणसाच्या तांबड्या पेशीत ग्लुटाथायोन (थायॉल गट असलेला, पेशीचे ऑक्सिडेशनपासून रक्षण करणारा छोटा रेणू) साधारण २ मिलिमोलर (संहतीचे एकक) आणि हिमोग्लोबिनचे पूर्ण रेणू साधारण ५ मिलिमोलर असतात. हेच प्रमाण गृहीत धरून प्रत्येक रेणूवर चार मोकळे सिस्टीन आहेत असे मानले, तर थायॉलचा साठा २० मिलिमोलर होतो, म्हणजे ग्लुटाथायोनच्या दहापट. पेशीत सर्वाधिक असलेले प्रथिनच असे थायॉलने भरलेले असेल, तर ऑक्सिडीकारक पेशीपटलापर्यंत किंवा त्याला आतून आधार देणाऱ्या स्पेक्ट्रिन प्रथिनापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत अडवला जाण्याची शक्यता वाढते.

मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. ताण वाढला की दोन ग्लुटाथायोन जोडले जाऊन त्याचे ऑक्सिडीकृत रूप तयार होते, आणि ते साचले तर पेशी ते बाहेर टाकते. तेवढे ग्लुटाथायोन मग पेशीच्या हातचे जाते. हिमोग्लोबिनचा थायॉल याच रूपाशी अदलाबदल करून एक ग्लुटाथायोन स्वतःला जोडून घेतो आणि दुसरे मोकळे करतो. ताण ओसरल्यावर ग्लुटारेडॉक्सिनसारखी विकरे (एन्झाइम) हा बंध सोडवतात आणि प्रथिन पूर्ववत होते. हे केवळ सरीसृपांपुरते नाही. प्रयोगशाळेतल्या रॅटच्या बीटा साखळीत १२५ व्या जागी असाच तत्पर सिस्टीन असतो, आणि काही ऑक्सिडीकारकांशी तो ग्लुटाथायोनपेक्षाही लवकर अभिक्रिया करतो असे दिसून आले आहे.

पशुवैद्यक_प्रयोगशाळा

वरील उत्तराला प्रत्यक्ष कामातली जोड देतो. कासवाचे रक्त आम्ही शक्यतो हेपरिनच्या नळीत घेतो, कारण रक्त गोठू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या इडीटीए या दुसऱ्या द्रव्यामध्ये अनेक जातींच्या तांबड्या पेशी फुटतात. लिशमन या रक्तपेशींच्या नेहमीच्या रंगाच्या काचपट्टीवर या पेशी लंबगोल दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद केंद्रक असते. त्यामुळे माणसाच्या रक्तासाठी बनवलेल्या यंत्राची मोजणी इथे विश्वासार्ह ठरत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच मोजावे लागते.

विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे, बेडूक आणि कासव यांच्या पेशी फोडून ते द्रावण ठेवून दिले, तर हिमोग्लोबिनचे रेणू डायसल्फाइड बंधांनी (दोन थायॉल गटांच्या गंधकांमधील जोडाने) एकमेकांना जोडले जातात. ऑस्टेन रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये यावर लिहिले होते. थायॉल पृष्ठभागावर असल्याची ही ठळक खूण आहे, आणि जास्त थायॉल बाळगण्यात धोकाही आहे हे त्यातून दिसते. अखंड पेशीत ग्लुटाथायोन आणि क्षपणकारी (ऑक्सिडेशन उलटवणारी) विकरे असल्यामुळे हा जोड आवरला जातो.

तळ्याकाठचा_निरीक्षक

सरीसृपांनाच याची गरज का पडली असावी, याबद्दल थोडे लिहितो. उत्तर अमेरिकेतील पेंटेड टर्टल सुमारे ३ अंश सेल्सियसच्या पाण्यात ऑक्सिजनशिवाय महिनोन् महिने जगते. धोका असतो तो ऑक्सिजन परत मिळण्याच्या वेळी, कारण तेव्हा मुक्त मूलकांची (फ्री रॅडिकल्सची) निर्मिती एकदम वाढू शकते. शिवाय बॉक्स टर्टलच्या तांबड्या पेशी ६०० ते ८०० दिवस टिकतात, तर आपल्या सुमारे १२० दिवस. इतका काळ टिकणाऱ्या पेशीला नुकसान भरून काढण्याची सोय जवळ असणे लाभाचे ठरत असावे. आपल्याकडील मऊ पाठीचे कासव उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात गाडून घेते. त्याच्या रक्ताचा अभ्यास याच दृष्टीने कोणी केला तर मला तो आवर्जून वाचायला आवडेल.

प्राणिशास्त्र_शिक्षिका (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक विचारते. घोरपडीचे किंवा कासवाचे रक्त औषधी असते असा समज काही घरांतून अजून ऐकू येतो. हा धडा ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला त्याला शास्त्राचा आधार मिळाला असे वाटू नये, म्हणून काय सांगावे? आणि असे हिमोग्लोबिन जी६पीडी या तांबड्या पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवण्यास मदत करणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाच्या पेशीत असते, तर त्याचा बचाव झाला असता का?

जीवरसायन_वाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध द्यावे. प्यालेले हिमोग्लोबिन जठरात आणि आतड्यात तुटून अमिनो आम्ले बनते. ते हिमोग्लोबिन म्हणून आपल्या तांबड्या पेशीत जाऊच शकत नाही. कच्च्या रक्तातून साल्मोनेलासारखा जंतुसंसर्ग होण्याची भीती असतेच, आणि घोरपड तसेच मऊ पाठीचे कासव यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. हिमोग्लोबिनला चिकटलेले ग्लुटाथायोन सोडवण्यासाठी शेवटी एनएडीपीएच हा क्षपणकारी रेणू लागतो, आणि माणसाच्या तांबड्या पेशीत तो मुख्यतः जी६पीडी असलेल्या मार्गातूनच मिळतो. त्यामुळे प्रायमाक्वीनसारख्या (मलेरियावरील) औषधाचा मारा सुरू झाल्यावर जादा थायॉलमुळे अशा पेशीला थोडा अवधी मिळाला असता, पण वापरलेले थायॉल पुन्हा भरून निघाले नसते. अशा वेळी नासलेले हिमोग्लोबिन पेशीपटलाच्या आतल्या बाजूला हाइंझ कणांच्या रूपात चिकटते. लिशमन रंगात हे कण दिसत नाहीत. ताज्या रक्तावर क्रिस्टल व्हायोलेट वापरले तर पेशीच्या कडेला जांभळे ठिपके दिसतात. एखाद्या पॅथॉलॉजी विभागाकडून अशी तयार काचपट्टी मिळाली, तर कासवाच्या काचपट्टीशेजारी ठेवून ती विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी.