विक्रांतवर हॉकआयसारखे पूर्वसूचना विमान का नाही?

सिंहगडरोडकर (पुणे): खडकवासल्याला एनडीएत शिकणाऱ्या भाच्याशी बोलताना हा विषय निघाला. अमेरिका आणि फ्रान्स यांच्या विमानवाहू नौकांवर पाठीवर मोठी तबकडी असलेले ई-2 हॉकआय विमान असते, आपल्याकडे मात्र हे काम कामोव्ह-31 हेलिकॉप्टर करते. हा पैशांचा प्रश्न आहे की तंत्राचा? आणि नौकेवर स्वतःचे शक्तिशाली रडार असताना वेगळे विमान लागतेच कशाला?

कोथरूडचा_मास्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. रडार कितीही शक्तिशाली असले तरी पृथ्वीच्या गोलाईपलीकडचे त्याला दिसत नाही. उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला 4.1 ने गुणले की रडारच्या क्षितिजाचे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. डोलकाठीवर 25 मीटर उंचीवर रडार असेल आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून 5 मीटरवरून येत असेल, तर ते जेमतेम 30 किलोमीटरवर दिसू लागते, म्हणजे एक्झोसेट या जहाजविरोधी क्षेपणास्त्राच्या वेगाने हाती दीड मिनिट उरते. तेच रडार 9000 मीटरवर नेले की क्षितिज 390 किलोमीटरपर्यंत सरकते. जपानी कामिकाझे हल्ल्यांच्या काळात अमेरिकी नौदलाने ‘प्रोजेक्ट कॅडिलॅक’मधून अ‍ॅव्हेंजर विमानाच्या पोटाखाली रडार बसवले, ते याच गणितामुळे.

ब्रिटिशांनी हे गणित ठाऊक असूनही 1978 मध्ये आर्क रॉयल या विमानवाहू नौकेबरोबर आपली गॅनेट ही रडारवाली विमाने निवृत्त केली आणि त्यांच्या जागी काहीच आणले नाही. 4 मे 1982 रोजी फॉकलंडच्या युद्धात शेफील्ड या विनाशिकेवर एक्झोसेट आदळले. त्यामागे इतरही कारणे होती, पण आकाशात डोळा नसणे हे त्यांतले मोठे. मग अवघ्या 11 आठवड्यांत सी किंग हेलिकॉप्टरच्या कुशीला, हवेने फुगवलेल्या घुमटात, सर्चवॉटर रडार बसवण्यात आले. ते समुद्रावर पोहोचले तोवर युद्ध संपले होते.

निवृत्त_नाविक: मास्तरांच्या गणिताला जोडून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. अडचण मुख्यतः डेकची आहे. हॉकआयचे वजन उड्डाणाच्या वेळी 25 टनांच्या आसपास भरते आणि त्याची इंजिने टर्बोप्रॉप, म्हणजे पंखे फिरवणारी आहेत. अशा विमानाला थोड्या अंतरात वेग देण्यासाठी कॅटापुल्ट, म्हणजे डेकवरून विमान जोराने पुढे ढकलणारी यंत्रणा लागते, आणि विक्रांत व विक्रमादित्य या दोन्ही नौकांवर स्की-जंप, म्हणजे डेकच्या टोकाला वर वळलेला उतार आहे. मिग-29के हे लढाऊ विमान त्या उतारावरून इंजिनांच्या जोरावर चढून जाते. भरल्या वजनाचे हॉकआय त्याच भरवशावर उडवणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

या विमानाचे विचित्र रूपही नौकेनेच घडवले आहे. हँगरच्या छताखाली मावावे म्हणून शेपटीला एका उंच पंखाऐवजी चार बुटके उभे पंख दिले आहेत, आणि मुख्य पंख पीळ देऊन मागे धडाला लगटून दुमडतात.

कामोव्हने तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. सुमारे 6 मीटर रुंदीचा सपाट अँटेना पोटाला चिकटून असतो. उड्डाणानंतर तो खाली उभा होऊन फिरू लागतो आणि आड येऊ नये म्हणून चाके वर ओढून घेतली जातात.

सिंहगडरोडकर: मनापासून आभार. मग किनाऱ्यावरून पी-8आय हे नौदलाचे गस्ती विमान पाठवून भागणार नाही का?

निवृत्त_नाविक: पी-8आय मुख्यतः पाणबुड्या आणि जहाजे शोधण्यासाठी आहे, आणि ताफा किनाऱ्यापासून जितका दूर जाईल तितका त्याचा वेळ ये-जा करण्यातच जातो. चीनलाही लिआओनिंग आणि शांदोंग या विमानवाहू नौकांवर हेलिकॉप्टरवरच भागवावे लागले. फुजियान या पुढच्या नौकेवर विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट आल्यावरच केजे-600 हे पूर्वसूचना विमान डेकवरून उडू शकले. आपली पुढची नौका कोणती असावी हा वाद करताना लढाऊ विमानांचीच चर्चा फार होते, हे मला खटकते. कामोव्ह एका उड्डाणात साधारण अडीच तास हवेत राहते, त्यामुळे अखंड पहारा ठेवायचा तर एक हेलिकॉप्टर वर, एक वाटेवर आणि एक देखभालीत, असा हिशेब धरावा लागतो, आणि ती जागा त्याच हँगरमधून काढावी लागते.